दाजीला मिळालेला एक दिवस

मित्रांनो, कोर्टात आरोपी ज्याच्या आत उभा राहतो, तो जुना लाकडी पिंजरा मी आहे. पिंजरा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पोपट येईल. पण मला गज नाहीत, छप्परही नाही. तीन बाजूंना कमरेइतका कठडा आणि मागे एक पायरी, एवढाच मी. पंचवीस वर्षे माणसे माझ्यात येऊन उभी राहिली. आता मी थकलो आहे.

१९४१ साली पनवेलच्या विठू सुताराने मला घडवले. एरवी तो बैलगाड्यांची चाके करी. कचेरीतल्या कारकुनाने माप दिले तेव्हा विठूने एकच प्रश्न विचारला, "उभा राहणारा माणूस हात कुठं ठेवील?" कारकुनाला ते ठाऊक नव्हते. मग विठूने आपल्याच मनाने माझी वरची पट्टी रंधा मारून गोल केली. ती इतकी गुळगुळीत झाली की पहिल्या दिवशी कोर्टातले सगळे तिच्यावरून हात फिरवून गेले. झाडलोट करणारी भीमाबाई मला दर दिवाळीला तेलाने पुसत असे.

माझ्यात कोण कोण उभे राहिले ते सांगत बसलो तर दिवस पुरणार नाही. चोरून दारू गाळणारे, बांधावरून एकमेकांची डोकी फोडणारे, काहीच न केलेलेही. ते सगळे माझा कठडा धरत. तो धरला की मला बरेच कळे. कोणाला घाम सुटलेला असे. कोणी सारा भार माझ्यावर टाकी, कारण त्याच्या पायाचे तळवे सुजलेले असत.

कायदा नव्हता असे नाही, मित्रांनो. साहेबाचे राज्य होते तेव्हाही पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नसे, ती मॅजिस्ट्रेटसमोर द्यावी लागे. पुढे देशाची घटना आली आणि अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभे केलेच पाहिजे, हा त्याचा मूलभूत हक्क झाला. त्याला वकील करता येईल, हेही तिने सांगितले. "पोलिसांनी मारहाण केली का?" हे आरोपीला विचारले जाई. पण ज्यांनी मारले ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे असत. आरोपी त्यांच्याकडे बघे आणि म्हणे, "नाही." ते "नाही" लिहून घेतले जाई. मला सारे ठाऊक असे, पण लाकडाची साक्ष कोण घेणार?

१९५४ च्या उन्हाळ्यात दाजीला आणले. उरणकडच्या खाडीवरच्या एका मिठागरात तो मीठ ओढण्याचे काम करी. वय चाळिशीचे. मिठागरातले पाणी उपसायचे यंत्र चोरीला गेले होते आणि संशय त्याच्यावर होता. कागदावर लिहिले होते की आरोपीला काल, रविवारी संध्याकाळी अटक केली आणि त्याला गुन्हा कबूल करायचा आहे.

पायरी चढताना दाजीने कठडा धरला नाही. त्याने दोन्ही मनगटे माझ्या पट्टीवर टेकवली आणि बोटे तशीच हवेत ठेवली.

मॅजिस्ट्रेट नुकतेच बदलून आले होते. फार कमी बोलत. त्यांनी त्या बोटांकडे बराच वेळ पाहिले.

"हाताला काय झालं?"

दाजीने साहेबांकडे पाहिले नाही. शेजारी दोन शिपायांसह उभ्या असलेल्या पोलीस जमादाराकडे पाहिले. मग म्हणाला, "मिठानं झालंय साहेब. आमच्या हातांना मीठ खातंय."

मिठागरातल्या माणसांचे हात फाटतात हे खरेच आहे. उत्तर चांगले पढवलेले होते.

तेवढ्यात गर्शोम चौलकर वकील उठले. इस्रायल आळीत, म्हणजे इथल्या ज्यूंच्या वस्तीत, राहणारा हा माणूस. कोटाची कोपरे झिजलेली, आवाज नेहमी बसलेला. ते म्हणाले, "साहेब, याची बायको बाहेर बसली आहे. ती म्हणते, नवऱ्याला काल नाही, पाच दिवसांपूर्वी नेलं. म्हणजे बुधवारी."

"बाई अडाणी आहे साहेब," जमादार म्हणाला. "तिला वार कळत नाहीत."

दाजीच्या बायकोला, भामाला, आत बोलावले. ती पदर घट्ट धरून उभी राहिली. "वार मला नाय कळत," ती म्हणाली. "पन त्या दिवशी काशीराम तांडेलाचा मचवा मिठानं भरत होता. अर्धा भरला न् यांना नेलं. त्याच भरतीला मचवा निघाला. मंग मी पाच दिस चौकीवर भाकर घेऊन गेले. भाकर ठेवून घ्यायचे, मानूस दाखवायचे नाय. माझं खोटं वाटत असंल तर काशीरामला इचारा."

मॅजिस्ट्रेटांनी जमादाराला आणि दोन्ही शिपायांना बाहेर जायला सांगितले. पट्टेवाल्याने दार लावले. माझ्या इतक्या वर्षांत ते दार असे लागलेले मी पहिल्यांदा पाहिले.

"दाजी, आता नीट ऐक," ते म्हणाले. "कबुली द्यायलाच हवी असं तुझ्यावर बंधन नाही. दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. आणि नाही दिलीस, तरी मी तुला परत त्या चौकीत पाठवणार नाही. कळलं?"

दाजीच्या मनगटांचा भार माझ्यावर एकदम वाढला.

"आज बोलूच नकोस. आज तुला सबजेलात ठेवतो. तिथं हे लोक येणार नाहीत. डॉक्टर येऊन हात बघतील. उद्या अकरा वाजता बोल."

"उद्या हितंच?" दाजीने विचारले.

"इथंच. माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा कागद आला. मनगटांभोवती दोरीचे वळ, उजव्या हाताची दोन बोटे मोडलेली, जखमा चार ते पाच दिवसांच्या. मिठाने असे होत नाही, हेही त्यांनी लिहिले होते.

मॅजिस्ट्रेटांनी पोलिसांना बाहेरच ठेवून पुन्हा तेच सगळे विचारले आणि लेखणी खाली ठेवली. दाजी गप्प होता. कारकून खाकरला. गर्शोम वकिलांनी काही बोलण्यासाठी तोंड उघडले, तर साहेबांनी हाताने त्यांनाही थांबवले. ते नुसते वाट पाहत बसले. मला वाटते पाव तास गेला असेल.

मग दाजी हळू आवाजात म्हणाला, "यंत्र मी नेलं नाय साहेब. मला वाशाला बांधून टांगलं होतं. तिसऱ्या दिशी मी म्हनलं, तुमी सांगाल तसं सांगतो."

साहेबांनी शब्द न् शब्द लिहिला आणि त्याला वाचून दाखवला.

दाजी सुटला. त्याच्याविरुद्ध दुसरा पुरावाच नव्हता. यंत्र कोणी नेले ते कधीच कळले नाही.

पण मित्रांनो, गोष्ट इथे संपली नाही. कबुलीसाठी माणसाला मारणे हा कायद्याने गुन्हा आहे. गर्शोम वकिलांनी दाजीच्या वतीने फिर्याद लावली आणि ती तीन वर्षे चालली. तारखा पडत आणि पुढे जात. काशीराम तांडेल दोनदा भरती चुकवून आला, दोन्ही वेळा जमादाराच्या वकिलाने मुदत मागितली, तरी तो तिसऱ्यांदा आला आणि बुधवारची साक्ष देऊन गेला. दाजीची दोन बोटे आखडली ती कायमचीच. मीठ ओढायचे फावडे त्याला धरता येईना. मग भामा फावडे ओढू लागली आणि तो मिठाच्या राशी राखत बसू लागला. तारखेला दोघे उन्हातून येत, व्हरांड्यात बसून भाकर खात आणि नवी तारीख ऐकून परत जात. एकदा मी भामाला म्हणताना ऐकले, "सोडून द्या आता. पाय दुखतात माजे." दाजी म्हणाला, "माजेबी." आणि पुढच्या तारखेला दोघे पुन्हा आले.

त्या खटल्यात माझ्यात जमादार उभा होता. त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला होता. इतर माणसांसारखेच ते हात मला लागले. त्यालाही वकील मिळाला. तुला काय सांगायचे आहे, असे त्यालाही विचारले गेले आणि त्याचे म्हणणे लिहून घेतले गेले.

शेवटी जमादाराला एक वर्षाची शिक्षा झाली. त्याच्याबरोबरच्या दोन शिपायांपैकी एक सुटला, एक अडकला. पुढे अपिलात ते वर्ष सहा महिन्यांवर आले.

निकालाच्या दिवशी जमादाराला घेऊन गेल्यावर दाजी माझ्याजवळ उभा राहिला. त्याने गर्शोम वकिलांना विचारले, "साहेब, त्याला आत कुनी मारनार तर नाय ना?"

"नाही. कुणी हात लावला तर माझ्याकडे यायला सांग त्याच्या घरच्यांना."

भामा चिडली. "तुमाला त्याचा कळवळा येतो?"

"कळवळा नाय गं," दाजी म्हणाला. "तिथं मानूस कसा वराडतो ते मला ठावं हाय. म्हनून इचारलं."

कागद गोळा करता करता वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

पुढे कोर्टाला नवे सामान आले. १९६६ पासून मी मागच्या व्हरांड्यात पडून आहे. माझी पायरी निखळली आहे, एका खांबाला वाळवी लागली आहे. पक्षकार माझ्यावर ओल्या छत्र्या अडकवतात. भीमाबाई वारली, तेव्हापासून मला कोणी तेल लावलेले नाही. त्याची मला तक्रार नाही. लाकूड झिजते, मोडते, चुलीत जाते. माणसाला जपायला मात्र कायद्याची पुस्तके आहेत आणि तरी त्याला जपणे अवघड जाते, हे पाहून मी दमलो.

मित्रांनो, तुमच्यातला कोणी मोठेपणी पोलीस होईल, कोणी वकील, कोणी डॉक्टर, कोणी त्या उंच खुर्चीवर बसेल. कोणी वर्गात मॉनिटर झाला, तरी चालेल. समोरच्याला "तुला कोणी मारले का?" असे विचारायची वेळ आली, तर ज्याची त्याला भीती वाटते त्याला आधी खोलीबाहेर पाठवा. मग प्रश्न विचारा. आणि उत्तर लगेच आले नाही, तर कृपा करून, थोडे थांबा.