सामाईक न्हाणीघर

बिशपांचा राजीनामा मंजूर झाला. तरीही त्या सकाळी, तसं काही झालंच नाही अशा चेहऱ्याने, ते निवृत्त धर्मगुरूंच्या निवासाची पाहणी करायला निघाले. जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवून त्यांनी धूळ पाहिली, आचाऱ्याला मीठ बेताने घालायला सांगितलं आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीपाशी येऊन विचारलं,

"इथे कोण राहतं?"

"तुम्ही," व्यवस्था पाहणारी सिस्टर म्हणाली.

सोबत आलेल्या, मागे उभ्या असलेल्या बिशपांच्या धाकट्या बहिणीने हसू खोकल्यात ढकललं.

खोली बरी होती. पलंग, टेबल, भिंतीवर क्रूस. न्हाणीघर तेवढं शेजारच्या खोलीशी सामाईक. बिशप आत गेले. फळीवरच्या पेल्यात कोणाची तरी कवळी तरंगत होती आणि सगळीकडे पेपरमिंटचा वास भरला होता. बिशपांनी रुमाल नाकाला लावला.

पेपरमिंट फादर! त्यांच्या खिशात कायम गोळ्या असायच्या, मुलांसाठी. पहिल्या गावातल्या आया रडत तक्रार घेऊन आल्या, तेव्हा बिशपांनी त्यांना चहा पाजला, प्रार्थना करू म्हणाले आणि फादरांची बदली केली. पुढच्या गावातही चहा, प्रार्थना, बदली. त्याच्या पुढच्याही. सगळी गावं वापरून झाली, तेव्हा फादरांना इथे आणून ठेवलं.

बिशपांच्या निरोप समारंभात त्यांनी बांधलेल्या शाळा, दवाखाना, चर्चचा नवा घुमट, सगळ्याचं कौतुक झालं. बदल्यांचा विषय कोणी काढला नाही. कार्यक्रम आधीच लांबला होता.

पलीकडचं दार उघडलं. फादर लगबगीने आले, वाकले आणि त्यांनी बिशपांच्या अंगठीवर ओठ टेकवले. टेकवूनच ठेवले. कवळी पेल्यात असल्यामुळे ओठ जरा जास्तच मऊ होते.

"तुमचे उपकार कसे फेडू, बिशपसाहेब? तुम्ही होतात म्हणून मी सुटलो. आता रोज भेट होईल!"

ते गेल्यावर बिशपांनी हात नळाखाली धरला. साबण लावला. पुन्हा लावला. अंगठी काढून नीट धुवावी म्हटलं, तर ती बोटात इतकी रुतलेली की हलेना. साबणालाही पेपरमिंटचाच वास होता.

परतताना गाडीत बहिणीने विचारलं, "मग, दादा? पसंत पडली खोली?"

"शी! त्या माणसाच्या शेजारी कोण राहणार?"

"राहिली की माणसं. पोराबाळांसकट."

"तू गप्प बस."

"बसते. त्या आयाही बसल्याच होत्या."

गाडीची काच खाली करून बिशपांनी हात बाहेर, वाऱ्यात धरला. घर येईपर्यंत आत घेतला नाही.

संध्याकाळी त्यांनी कागद ओढला, बऱ्याच वेळाने पेन उघडलं आणि वरिष्ठांना लिहिलं:

'सविनय विनंती, की अर्जदाराची बदली अशा कोणत्याही ठिकाणी करण्यात यावी, जिथे त्याने आजवर कोणाचीही बदली केलेली नाही. निर्णय त्वरित कळवावा. चहा व प्रार्थनेची आवश्यकता नाही.'