भूकंपाची फळी

विज्ञान केंद्रात लोक येतात मजा करायला, आणि राजकन्याचं काम काय, तर त्या मजेतून ते शिकतात काय हे उभ्याउभ्या बघत राहायचं. हसावं की रडावं! पण नांदेडला पीएच.डी.ला नाव घातलेलं, आणि विषय स्वतःच निवडलेला, मग तक्रार कुणाकडे करणार?

लातूरच्या त्या केंद्रात भूकंपाची फळी होती. बटण दाबलं की गदगदा हलायची. पोरं किंचाळायची, खिदळायची, आणि काय शिकलात विचारलं तर "लई भारी" म्हणून पुढं पळायची. राजकन्याला मात्र तिथं एक गोष्ट घावली. फळी हलली की आयांचा हात आधी कठड्याकडे जात नाही, लेकराकडे जातो. पोरगी हरखून गेली. संध्याकाळी गावाकडं फोन लावून म्हणाली, "एकसुद्धा आई चुकत नाही बघ, माय." पलीकडून मायनं, सिंधुबाईनं, फोन ठेवून दिला. हिला वाटलं, रेंज गेली.

एवढी शिकलेली, पण तिला सुचायला नको होतं का? त्र्याण्णवच्या भूकंपात सिंधुबाईची थोरली पोर घराखाली गेली होती. सिंधुबाई तेव्हा गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होती म्हणून वाचली, असं सगळे सांगायचे. पुढं झालेल्या लेकीला त्या पोरीचंच नाव ठेवलं. सिंधुबाई "राजकन्या" अशी हाक मारायची, आणि ओ आली की दचकायची. लहानपणी राजकन्याला त्याची फार भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी सिंधुबाई एस.टी.नं केंद्रात हजर. पाणीसुद्धा प्यायली नाही. म्हणाली, "मला त्या फळीवर चढायचं हाय. तू बी चढ." राजकन्यानं परोपरीनं समजावलं, पण म्हातारी हट्टाला पेटली होती. शेवटी दोघी शेजारीशेजारी उभ्या राहिल्या आणि फळी चालवणाऱ्या किशननं बटण दाबलं.

फळी हलली मात्र, सिंधुबाईनं खाली उडी टाकली आणि दाराकडं धावत सुटली. एक चप्पल फळीवरच राहिली. दार गाठेपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मग वळली. डोळे कोरडे होते.

"बघितलंस? तवा मी गोठ्यात नव्हते, बाई. तिच्याजवळच निजले होते. ती उठून बसली होती. 'माय' म्हणली."

माणूस घाबरला की शरीर आपोआप पळतं, त्यात तुझा दोष नाही, हे राजकन्याला सांगायचं होतं. सगळं पाठ होतं तिला. पण पायाखालची फळी अजून हलत होती आणि ती दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती. त्या पोरीनं शेवटचं जे पाहिलं असेल, तेच आत्ता तिनंही पाहिलं होतं. दाराकडं पळणाऱ्या मायची पाठ.