पळून आल्याचं पदक

लंकाबाई दारात दिसली आणि पंकजा मुलाला कडेवर घेऊन उभी राहिली. दोन घरांमध्ये फक्त एक बोळ, पण पंकजाच्या लग्नातसुद्धा या बाईने मांडवात पाऊल टाकलं नव्हतं. बोळातून लंकाबाईच्या नातसुनेचं, निकिताचं, कण्हणं सकाळपासून ऐकू येत होतं. आता ऊन डोक्यावर आलं होतं आणि लंकाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणत होती, "पुष्पे, पदक काढ."

पंकजाची सासू पुष्पावती लसूण सोलत होती. तिने मानही वर केली नाही.

"कसलं पदक?"

"जसं काय म्हाईतच न्हाई. नातसून अडलीया माजी."

"पळपुट्याचं पदक व्हय? तूच म्हनतीस की गं लंके. लग्नात म्हनतीस, मयतीत म्हनतीस. मग पळपुट्याच्या घरचं कशाला पायजे तुला?"

पुष्पावतीचा सासरा रामहरी आणि लंकाबाईचा सासरा भीमा हे सख्खे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात दोघेही आफ्रिकेच्या वाळवंटात धरले गेले आणि इटलीतल्या छावणीत कैदी झाले. एका रात्री रामहरी तारेखालून निसटला. अंधारात डोंगर चढत, दिवसा मेंढ्यांच्या वाड्यात लपत तो आपल्या फौजेला येऊन मिळाला. भीमाचा पाय सडला होता, तो तिथेच मागे राहिला आणि तिथेच गेला. कैदेतून निसटून आल्याबद्दल रामहरीला चांदीचं पदक मिळालं. एका बाजूला राजाचं तोंड, कडेवर रामहरीचं नाव. पुढे त्याची बायको बाळंतपणात अडली, तेव्हा त्याने ते तिच्या मुठीत ठेवलं आणि घटकाभरात पोर जन्मलं म्हणे. तेव्हापासून वस्तीवर कुणी अडली की तिच्या दंडाला हे पदक बांधायची रीत पडली. भीमाच्या घरातून मात्र ते न्यायला कधी कुणी आलं नव्हतं. भावाला टाकून पळाल्याचं बक्षीस, एवढीच त्या घरात त्याची ओळख.

"भीक मागाया न्हाई आले," लंकाबाई म्हणाली. "तार कुनी उचलून धरली हुती? आमच्या सासऱ्यानं. त्यो सडक्या पायानं तार धरून बसला, म्हनून तुमचा भाईर निगाला. निम्मं पदक आमचं हाय."

"मग ने की निम्मं. इळीवर चिरून देऊ?"

पंकजाचं लक्ष दोघींकडे नव्हतं. सकाळी हापशावर निकिता दांडा धरून वाकली, तेव्हा तिच्या गाऊनला मागून हिरवट डाग दिसला होता. तो डाग पंकजा ओळखत होती. तिचा ज्ञानू पोटातच शी होऊन हिरव्या झालेल्या तसल्याच पाण्यातून आला होता, निळा पडलेला, न रडता. काचेच्या पेटीतून तो हातात येईपर्यंत तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. अजूनही तो झोपला की ती त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. म्हणून तिने हापशावरूनच निकिताच्या नवऱ्याला, सुनीलला, हाक मारून सांगितलं होतं, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. उत्तर लंकाबाईनेच दिलं होतं. "शिकलीस तर तुझ्या घरात. शिझर केलं तर उसाची मोळी कोन उचलनार? तिकडं देवळालीला हिचे सासू-सासरे ह्या दोघांच्या वाटचा ऊस तोडत्यात."

पदक दिलं तर ते बांधून ही माणसं संध्याकाळपर्यंत वाट बघणार. नाही दिलं तरी घरातच बसणार, वर मूल गेलं की दोष या घराला. पंकजाने ज्ञानूला पुष्पावतीच्या मांडीवर ठेवलं, देव्हाऱ्यातून पदक उचललं आणि मुठीत आवळलं.

"देते काकू. पण मी बांधणार. आणि ते घरात बांधत नाहीत."

"आँ? हे कवापासून?"

"रामहरीबाबांनी सांगून ठेवलंय. कैदेतून सुटायचं तर आधी उठून बाहेर पडावं लागतं. अडलेलीला उंबऱ्याबाहेर काढायची, गाडीत घालायची, मग दंडाला बांधायचं. घरात बसून राहिलं तर ते नुसतं चांदीचं नाणं."

असं रामहरी कधीच बोलला नव्हता. हे पंकजाला माहीत होतं आणि तिच्या सासूला तर पक्कं माहीत होतं. लंकाबाईने पुष्पावतीकडे पाहिलं.

"खरं का गं?"

पुष्पावतीने लसणाची पाकळी ताटलीत टाकली. सून अशी तोंडावर खोटं बोलते, याचा हिशेब घरात नंतर होणार हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण समोर लंकाबाई होती.

"खरंच की. आमचा उठला म्हनून सुटला. तुमचा बसून राह्यला."

लंकाबाईचा चेहरा काळाठिक्कर पडला. "जीभ झडंल तुझी," ती म्हणाली आणि बोळाकडे वळून ओरडली, "सुन्या! पिकअप काढ!"

जामखेडच्या दवाखान्यापर्यंत निकिताचं डोकं पंकजाच्या मांडीवर होतं आणि पदक दंडावर. "काकी, बाळ हालत न्हाई गं," ती एकदा पुटपुटली. पंकजाने तिच्या पोटावर हात ठेवला आणि सुनीलला जोरात चालव म्हणून सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाणी बघितलं आणि कागदावर सुनीलची सही घेतली. सिस्टरने पदकाचा दोरा कात्रीने कापला आणि ते लंकाबाईच्या हातात दिलं. "आत दागिने चालत नाहीत."

बऱ्याच वेळाने आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिरकं, पण रडणं. पंकजाने भिंतीला पाठ टेकली आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मुलगी होती. पाणी प्यायलीय, पेटीत ठेवू, पण वाचेल, असं सिस्टर सांगून गेली.

लंकाबाईने पदक पंकजाच्या मांडीत फेकलं.

"घे तुझं. पोट चिरून घेतलं माज्या नातसुनंचं. पदक भाईर आन पोरगी कातरीनं. साऱ्या वस्तीला सांगनार हाय मी, हे काय कामाचं न्हाई म्हनून."

"सांगा काकू," पंकजा म्हणाली. "एकेकीच्या घरी जाऊन सांगा. पदकाने काही झालं नाही, डॉक्टरांनी मूल काढलं, असंच सांगा."

यात कुठेतरी आपण फसलो, एवढं लंकाबाईला कळलं, पण कुठे ते सापडेना.

"लई शानी हाइस."

"हो."

"माज्या दारात पाय ठेवू नगंस."

"नाही ठेवणार. टाके ओले आहेत तोवर तिला मोळी उचलायला लावलीत, तर मात्र येईन."

लंकाबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. पंकजाने घरी फोन लावला, ज्ञानू जेवला का विचारायला. पलीकडून पुष्पावती म्हणाली, "जेवला. तू ये घरी, मंग बघते तुला."