वैराग बाजार, तीन पुडकी

“नोंदवहीत आहेत म्हणजे कुठंतरी असणारच की, चाचा,” दाक्षायणी म्हणाली. तिनं दाखवलेल्या ओळीत लिहिलं होतं: वैराग बाजार, मोडी कागद, तीन पुडकी.

“माळ्यावर असत्याल, अक्का. बगतो की,” बडेसाब म्हणाला आणि शिडी लावून वर चढला. पुडकी तिथं नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी अर्धा तास तो धूळ खात बसून राहिला.

बडेसाब सोलापुरातल्या या वाचनालयाचा दफ्तरी. पुस्तकं शिवायची, पुठ्ठे घालायचे आणि कुणी मागितलं तर कपाटातलं काढून द्यायचं. इंग्रजी येत नव्हतं, मोडी येत नव्हती. पण कुठलं पुस्तक कुठं आहे हे ग्रंथपालांपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक. मागच्या श्रावणात बायको जाहिदा गेली, तेव्हापासून तो नुसता येत होता आणि जात होता. जेवलात का असं कुणी विचारलं, तर त्याला आठवून सांगावं लागे.

दाक्षायणी पुण्याला एम. ए. करत होती. पहिल्यांदा आली तेव्हा विषय भलताच मोठा, अख्ख्या दख्खनचा व्यापार. बडेसाबनं जुने अहवाल काढून दिले, गॅझेटियर काढून दिले आणि एक दिवस म्हणाला, “एवढं मोठं कशाला? येकच बाजार धरा की.” तिनं वैरागचा लोकर-घोंगड्यांचा बाजार धरला. टिपणं झाली, प्रकरणं आखून झाली. पुण्याच्या प्राध्यापकांनी एकच अट घातली: मूळ कागद पाहिल्याशिवाय प्रबंध घेणार नाही. वडील वीरभद्रप्पांची दुसरी अट होती. चैत्रापर्यंत काय ते उरका, मग लग्न.

त्या पुडक्यांचं बडेसाबला आठवलं ते तिनं ओळ दाखवल्यावर. लढाईच्या साली पुठ्ठा मिळेना, तेव्हा त्यानं ती सोडली होती आणि कागदावर कागद खळीनं चिकटवून पुठ्ठे केले होते. रस्त्यात अरबी अक्षरांचा चिटोरा दिसला, तरी उचलून भिंतीच्या फटीत ठेवणारा हा माणूस. पण मोडीच्या गिचमीड रेघा त्याला लिखाण वाटल्याच नव्हत्या. जाहिदा खळ शिजवता शिजवता म्हणाली होती, “लिखेले कागजां हैं जी.” त्यानं ऐकलं नाही.

त्या साली बांधलेली पुस्तकं पाठीवरच्या लाल कापडावरून ओळखू येत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं एकाचा पुठ्ठा काढला आणि मागच्या पडवीत परातीत भिजत घातला. कागद सुटतील, वाळवून देऊ, कुणाला काही कळायला नको. खळ सुटली, पण तिच्याबरोबर शाईही सुटली. पाणी काळं झालं आणि हातात कोरे, पिवळट कागद आले. आपल्याला भीती वाटायला हवी, असं त्याच्या मनात आलं. वाटली नाही. जाहिदाला माती देऊन आल्यावरही असंच झालं होतं.

परात तशीच उचलून त्यानं दाक्षायणीच्या टेबलावर नेऊन ठेवली.

“अक्का, ह्ये तुमचे कागद. पुठ्ठ्यात मीच घातले. आन आज धुतले बी मीच.”

ती परातीकडे बघत राहिली. “सगळेच?”

“न्हाय. चाळीसेक पुस्तकं हायेत अजून.”

ती बराच वेळ फाउंटन पेनाचं टोपण काढत-लावत बसली. मग म्हणाली, “आता पाणी नको. कोरडेच सोडवा.”

तीन आठवडे तो पातळ सुरीनं पुठ्ठ्यांचे पदर सोडवत होता. पुष्कळ फाटले, वाचता येण्याजोगे एकतीस निघाले. दाक्षायणीनं शंभर वर्षांचा बाजार सोडून त्या कागदांतली तीनच वर्षं धरली. प्राध्यापकांनी कार्ड टाकलं: चालेल.

फाल्गुनात टाइप केलेला प्रबंध बांधायला आला. आभाराच्या पानावरचं इंग्रजी तिनं त्याला मराठीत सांगितलं. “‘बडेसाब दफ्तरी यांच्या मदतीशिवाय हे कागद मिळाले नसते.’”

“आन बाकीचे कुटं गेले? त्ये बी लिवा की.”

“कशाला, चाचा?”

“उद्या कुणीतरी शोधीत येईल. नोंदवहीत हाय म्हणून माळ्यावर चढंल, हेलपाटे घालंल. त्याला कळाय नगं?”

“तुमची नोकरी जाईल.”

“जाऊ द्या. लिवा.”

ती पान घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी नवं टाइप करून घेऊन आली. “‘उरलेले कागद दफ्तरी बडेसाब यांनी लढाईच्या साली पुठ्ठ्यांसाठी वापरले. ते आता नाहीत.’”

“बराबर हाय. कंची ओळ?”

तिनं दाखवली. ओळ पानाच्या डाव्या कडेला अगदी टेकली होती. बडेसाबनं पान जागेवर घातलं, अक्षरं शिवणीत जाऊ नयेत म्हणून जरासं बाहेर सरकवलं आणि सुईत दोरा ओवला.