भरल्या ताटावरून

मित्रांनो, मला उचलताना जरा जपून. मी एक जुनी पांढरी प्लेट आहे आणि टवका उडालेली कड बोटाला लागते. धुताना नळावर आपटले, म्हणून हॉटेलवाले फेकूनच देणार होते. तिथल्या बद्रीनाथ वेटरनं मला पिशवीत घालून फर्दापूरला घरी आणलं. आता मी त्याच्या दुधाच्या पातेल्यावरचं झाकण. पण माझे दिवस कायम असे नव्हते, बरं का!

गुजरातेतल्या भट्टीत दोनदा भाजून निघाले, तेव्हा कुठं अंगाला ही चकाकी आली. तिथून मी औरंगाबादच्या एका बड्या हॉटेलात आले. वाळूजच्या कारखान्यांतले साहेब आणि लेणी बघायला येणारे गोरे पाहुणे यांच्यासाठी तिथं फ्रेंच थाटाची ब्रासरी काढली होती. ब्रासरी म्हणजे त्यांच्याकडची खानावळच. पण पितळी कठडे, भिंतभर आरसे आणि मांडीवर घ्यायला कडक इस्त्रीचे रुमाल! "काय देखणी प्लेट," असं लोक म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मी फुगायचे.

एका रविवारी दुपारी आप्पासाहेबांनी तिथं सोयरिकीची बैठक ठेवली. त्यांचा मुलगा सदाशिव आणि पैठणकडची दमयंती वाळूजला एकाच कंपनीत इंजिनियर. दोघांची मनं जुळली होती. अडलं होतं ते फक्त दमयंतीच्या आजीच्या होकारावर. मनकर्णाबाई म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. त्यांनी नाही म्हटलं, की त्या घरात विषय संपला.

आधी सूप आलं. मनकर्णाबाईंनी चमच्यानं ढवळून पाहिलं.

"कांद्याचंच कालवण की हे! वरनं पावाचं झाकण!"

हसावं की नाही, कुणाला कळेना. दमयंतीनं पाण्याचा पेला आजीपुढं सरकवला.

मग चीजमध्ये भाजलेले बटाटे घेऊन मी त्यांच्यापुढं आले. दोन घास त्यांनी काट्यानं खाल्ले. तेवढं पुरे झालं. टापटिपीची बाई! काटा आणि सुरी शेजारीशेजारी नीट लावून माझ्यावर ठेवली आणि हातानं जेवायचं म्हणून पदर खोचायला लागल्या.

मित्रांनो, त्या टेबलांची एक रीत असते. काटा-सुरी अशी जोडून ठेवली, की 'माझं जेवण झालं' असा अर्थ. बद्रीनाथनं ते पाहिलं आणि मागून येऊन मला अलगद उचललं.

मनकर्णाबाईंचा हात रिकाम्या टेबलावर पडला.

त्या उठल्या. त्यांच्यामागं सगळं टेबल उठलं. थोरलं माणूस उठल्यावर बसून कोण खाणार?

"भरल्या ताटावरनं उठवलंत मला," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, म्हणूनच भीती वाटली. "दारच्या कुत्र्याला बी कुणी असं करत नाय. चल, पोरी."

बद्रीनाथ मला धरून तसाच थिजला. माझ्यातले बटाटे अजून वाफाळत होते. "माय, चुकलं माझं," तो पुटपुटला. मॅनेजर धावत आला.

"आजी, याला आजच कामावरून काढतो."

"चूक त्यांची नाही," सदाशिव म्हणाला. "काटा-सुरी जोडून ठेवली की प्लेट उचलतात, हे मला ठाऊक होतं. आजी, तुम्ही ठेवताना मी बघितलं. पण बोललो नाही."

"का रं? जीभ नाय का तुला?"

"चारचौघांत तुम्हाला शिकवल्यासारखं झालं असतं."

आप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले. दमयंती आजीच्या तोंडाकडं बघत राहिली.

"म्हंजी माझी लाज राखायला गेलास, अन् मला उपाशी उठवलंस," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लई शाना हायस."

त्यांनी मॅनेजरकडं मान वळवली. "याला काढायचं नाय. अन् मी एकदा उठले की परत बसत नाय. आप्पासाहेब, उद्या समदे आमच्या घरी जेवायला या. मी वाढीन. पण ताटं हा तुमचा लेक उचलंल, एकेकाला विचारून."

"आजी, यांनी?" दमयंतीनं घाबरत विचारलं.

"मग? उद्याच उचलू दे. एकदा का जावई झाला, की त्याला काम सांगायची सोय नाय!"

आप्पासाहेब मटकन खुर्चीत बसले. दमयंती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, माझ्यावर शेकडो लोक जेवले. तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. कुणाचंही ताट उचलण्याआधी त्याला एकदा विचारा, "झालं का?" भूक काट्या-सुरीवर दिसत नाही.