मोळीचा हात

डॉक्टर राजेश्रीबाईंनी टेबलाच्या खणातून एक पारदर्शक पिशवी काढून पंकजाच्या हातात दिली. तळहाताएवढी, मऊ, आत घट्ट पाक भरल्यासारखी. पंकजाने ती घाईघाईने शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीकडे सरकवली. सारजाबाईने ती तोलून पाहिली. तिच्या स्वतःच्या झंपरात डाव्या बाजूला राळ्याचे दाणे भरलेली एक कापडी पुरचुंडी गेली दहा वर्षं होती. ही पिशवी त्या पुरचुंडीहून जड होती.

"नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर तीन रेघा ओढल्या. "ही बरगडी. तिच्यावर हा छातीचा स्नायू, म्हणजे मांसाचा पट्टा. त्याच्यावर कातडी. गाठ असलेला स्तन काढला की त्याच ऑपरेशनमध्ये ही पिशवी बसवता येईल. ठरवायचं एवढंच, की पट्ट्याच्या वर ठेवायची की खाली."

"फरक काय पडतो, मॅडम?" पंकजाने विचारलं.

"खाली ठेवली तर तिच्यावर मांसाचं पांघरूण येतं. तुमची अंगकाठी बारीक आहे, कातडी पातळ आहे. म्हणून खाली ठेवली तर कडा कळणार नाहीत, आकार नीट दिसेल. पण जास्त दिवस दुखेल. हाताला जोर लावला की पट्टा आवळतो, तेव्हा पिशवी थोडी हलते. हाताची ताकदही थोडी कमी होऊ शकते. वर ठेवली तर पट्टा जसाच्या तसा राहतो, हात लवकर कामाला लागतो. पण कडा आणि सुरकुत्या कातडीतून दिसू शकतात. दोन्ही रीती चालतात. तुम्हाला काय हवं ते उद्या सकाळी सांगा."

"वर," सारजाबाई म्हणाली.

डॉक्टर हसल्या. "त्यांना ठरवू द्या, मावशी."

दवाखान्याच्या मागे धर्मशाळेत त्यांना एक खोली मिळाली होती. पंकजाचा नवरा भागवत जेवणाचा डबा आणायला गेला आणि दोघी बहिणी खाटेवर समोरासमोर बसल्या.

"अक्का, तू तं वर म्हणून मोकळी झालीस!"

"त्यात हात राहतो. हात गेला तं बाईजवळ काय राहतं?"

"मी काय ऊस तोडायला जायलेय का? मानवतला साडीच्या दुकानात उभी राहते मी. दिवसभर खांद्यावर साड्या टाकून दाखवते. छाती एकीकडं अशी, एकीकडं तशी दिसली तं?"

"आन् वरच्या फळीवरचे गठ्ठे कोण काढतं? दुकानाचा मालक?"

"त्येचं पोट फळीला आडवं येतं. त्येला न्हाई जमत."

दोघी हसल्या. पण हसू लगेच विरलं.

सारजाबाईला हाताचंच भय होतं. ताडकळसहून ती आणि तिचा नवरा आसाराम दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. तो तोडणार, ती मोळी बांधून डोक्यावर घेणार आणि फळीवरून चढून गाडीत टाकणार. बत्तीस वर्षांची असताना तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. दवाखान्यात सगळाच काढून टाकला आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा फडात उभी होती. पण हात सुजला. खांद्याच्या वर जाईना. एके दिवशी फळीच्या मध्यावर मोळी कलंडली आणि सगळ्यांच्या देखत खाली पडली. पुढच्या वर्षी आसारामने कडूबाई नावाच्या दुसऱ्या बाईबरोबर कोयता धरला आणि परत ताडकळसला आला नाही.

कुणीही विचारलं की सारजाबाई एकच सांगायची, "मोळी पडली, हात गेला माझा, म्हणून कोयता मोडला." तेव्हा पंकजा वसतिगृहात शिकत होती. तिनेही एवढंच ऐकलं होतं.

"अक्का," पंकजा म्हणाली, "मला दाखव."

"काय दाखवू?"

"तुझं. दहा वर्षांत एकदाबी दाखवलं न्हाईस. चार दिवसांनी माझीबी तीच गत होणार हाय. बघू दे मला."

सारजाबाईने विचार केला. बघू दे. कोरडं सांगून पोरीला कळत नाही, डोळ्यांनी बघितलं की कळेल. तिने दाराची कडी घातली, झंपराची बटणं सोडली, पुरचुंडी काढून खाटेवर ठेवली आणि डावा हात उचलला. हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"हे बघ. हितवर येतो. पुढं न्हाई जात. कितीबी जोर लाव. कळलं का तुला, मी वर का म्हणायलेय?"

पंकजाचं हाताकडे लक्ष नव्हतं. तिची नजर त्या सपाट जागेवर होती, जिथे कातडी बरगड्यांना चिकटली होती आणि काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत एक वाकडातिकडा व्रण आला होता. तिने क्षणभरच बघितलं. मग तिची नजर खाली गेली आणि ती पुरचुंडीकडे बघत बसली.

अशी खाली जाणारी नजर सारजाबाईने आधी एकदा बघितली होती.

फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, लुगड्याच्या आडोशाला ती अंघोळ करत होती. आसाराम पाण्याची घागर न्यायला आत आला. त्याची नजर तिच्या छातीवर पडली आणि अशीच खाली गेली. घागर न घेताच तो बाहेर पडला. त्या दिवसापासून तो कोपीच्या बाहेर झोपू लागला. आत गुदमरतं म्हणायचा. पौषाचा महिना होता, थंडीने दात वाजत होते. मोळी पडली ती त्यानंतर पंधरा दिवसांनी.

हात अजून अर्ध्यावर उचललेलाच होता. सारजाबाईने तो हळूच खाली घेतला.

"अक्का, मला खालीच पायजे," पंकजा रडत म्हणाली. "लय दुखू दे. हात गेला तं जाऊ दे. मला आरशात बघता आलं पायजे गं. तुला राग आला?"

"न्हाई."

सारजाबाई बटणं लावू लागली. पंकजाने पुरचुंडी दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे धरली.

"काय हाय गं हिच्यात?"

"राळे. वर्षाला बदलावे लागतात. न्हाईतर किडं होतात."

"तवा तुला कुणीच सांगितलं न्हाई? असं कायतरी बसवता येतं म्हणून?"

"कोण सांगतंय? आन् म्याबी इचारलं न्हाई. जीव वाचला यातच खूश होते."

बाहेरून भागवतने कडी वाजवली. "दार उघडा, अक्का. पिठलं गार व्हायलंय."

जेवताना भागवतने एकदा विचारलं, "काय ठरलं मग?" पंकजाने सारजाबाईकडे बघितलं. सारजाबाईने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

सकाळी डॉक्टरांच्या खोलीत पंकजा बोलायच्या आधीच सारजाबाई पुढे सरकली.

"खालीच बसवा, मॅडम."

"काल तर तुम्ही वर म्हणत होतात."

"कालपर्यंत मला वाटायचं, बाईचा हात गेला की सगळं जातं. तसं नसतंय."

डॉक्टरांनी पंकजाकडे बघितलं. "तुमचंही हेच म्हणणं?"

"हो. खालीच," पंकजा म्हणाली.

त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि भरती होण्यासाठी बाहेर बसायला सांगितलं. बाकड्यावर पंकजाने बहिणीचा सुजरा हात आपल्या मांडीवर घेतला.

"अक्का, म्हंजे दाजी मोळीमुळं न्हाई गेले?"

"मोळी पडायच्या आधीच गेल्ते," सारजाबाई म्हणाली.

पंकजा तिचा हात चोळत राहिली. तेवढ्यात नर्सने तिचं नाव पुकारलं. भागवतने कपड्यांची पिशवी उचलली आणि ती दोघं आत गेली. दार झाकलं.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसली होती. ती मगापासून सारजाबाईच्या हाताकडे बघत होती. आता ती जवळ सरकली.

"काय गं माय, हाताला काय झालं?"

इतकी वर्षं सांगून सांगून घोटलेलं उत्तर सारजाबाईपाशी तयार होतं. तिने पदराखाली हात घालून राळ्यांची पुरचुंडी नीट केली.

"हाताचं जाऊ दे, मावशी," ती म्हणाली. "माझी छाती काढली."

आणि ती रडू लागली. दहा वर्षांत पहिल्यांदाच ती त्यासाठी रडत होती.