आटे गेलेला बोल्ट

लेकीने मैत्रिणींबरोबरच्या लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकल घेतली, तेव्हा प्राध्यापकांनी एकच अट घातली: इंजिनाच्या दोन्ही अंगांना क्रॅश गार्ड बसल्याखेरीज चाक फाटकाबाहेर पडायचे नाही. अटी घालणे हा त्यांचा पिंडच होता. प्रवासाच्या आदल्या दुपारी ते स्वतःच पान्हे घेऊन अंगणात बसले.

"अहो, गॅरेजात द्या ना," पत्नी दारातून म्हणाली.

"माहितीपत्रक वाचता येणाऱ्याला गॅरेज कशाला?"

"वाचता तर काय, सगळंच येतं. एकदा दूध तापवलं होतंत. ते पातेलं मी अजून घासतेय."

हे गार्ड बसतात ते इंजिन चौकटीला धरून ठेवणाऱ्या बोल्टांवरच. म्हणून माहितीपत्रकात ठळक अक्षरांत सूचना होती: इंजिनाखाली आधार द्यावा, एका वेळी एकच बाजू सोडवावी. प्राध्यापकांनी ती वाचली, तिच्यातला एक ऱ्हस्व पेन्सिलीने दीर्घ केला आणि वेळ वाचावा म्हणून आधार न देताच दोन्ही बाजू एकदम सोडवल्या.

इंजिन बोटभर खाली बसले. छिद्रे जुळेनात. त्यांनी बोल्ट तिरका घुसवला, हातोडीने समजावला, मग पान्ह्यावर सगळा भार टाकला. आतले आटे करकरत गेले. बोल्ट नुसताच फिरू लागला.

दुसऱ्या कोणी कपाळावर हात मारून घेतला असता. पण उत्तरपत्रिकांतली लबाडी हुडकण्यात ज्याची हयात गेली, त्याला लबाडीचे तंत्र मुखोद्गत असते. त्यांनी बोल्टाला रबरी गोंद फासला, तो जागी बसवला, वरून फडक्याने चकचकीत पुसला.

संध्याकाळी लेक कामावरून आली. गार्डवरून हात फिरवत म्हणाली, "बाबा, मानलं तुम्हाला. आमच्या ऑफिसात सगळे हसत होते, म्हणे प्राध्यापक आणि पान्हा!" तिने फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवला.

सकाळी तिने सामान बांधले, हेल्मेट चढवले.

"थांब जरा. आभाळाचं काही खरं दिसत नाही."

"लख्ख ऊन पडलंय, बाबा. गार्ड हवा होता, बसला. आता काय, रस्त्याला कठडे लावायचे?"

एक 'नाही' पुरले असते. पोरगी सुरक्षित, बापाची प्रतिष्ठा शाबूत. अन्याय तेवढा तिच्या पदरी, आणि त्याला शिस्त म्हणायची सोय घरात पूर्वापार होती. 'नाही' ओठांवर आलेसुद्धा. ते गिळून प्राध्यापक गुडघ्यांवर बसले. त्यांनी बोल्ट चिमटीत धरला, फिरवला आणि सहज बाहेर काढला. त्याला गोंदाचा पदर लोंबत होता.

लेकीने हेल्मेट काढले. "हे कधी झालं?"

"काल दुपारी."

"म्हणजे मी फोटो काढत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"काल बोलला असतात तर गॅरेज उघडं होतं. आज त्यांची सुट्टी."

ती बांधलेले सामान सोडू लागली. प्राध्यापकांनी सामानाच्या पट्ट्याला हात घातला.

"राहू द्या," ती म्हणाली.

मग तिने मैत्रिणींना फोन लावला. "तुम्ही निघा. गाडीत बिघाड निघालाय... नाही गं, नवीन गाडी आहे, होतं असं."

कोणाचे नाव तिने घेतले नाही. ते घेतले असते तर प्राध्यापकांना मान वर करता आली असती.